तिसऱ्या दिवशी ताप आला तर

वसई

प्रिय चिमणे,



तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, आणि तू विचारलंस त्याचं उत्तर दारात उभं राहून देण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. हिमाचलात आठ दिवस डोंगरातून सायकल हाणायची आणि तिसऱ्या दिवशी आजारी पडले तर चालवत राहायचं की सोडायचं, असा तुझा प्रश्न. त्याला जोडूनच तू म्हणालीस, "सोडली तर लोक काय म्हणतील, आत्या?" हा दुसरा प्रश्न मला जास्त खुपला. त्याच्याकडे नंतर येते.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे. ताप असेल तर सायकल उभी करायची. थर्मामीटरवर १००.४ किंवा त्याहून जास्त दिसला की त्या दिवसाचा टप्पा तुझ्यासाठी संपला. यात तुझी तयारी किती, पुढे किती जणी आहेत, प्रवेश फी किती भरली, बाबांनी सायकलसाठी हप्ते किती बांधले, यांपैकी काहीही धरायचं नाही.

नुसती सर्दी असेल तर गोष्ट वेगळी. खेळाडूंचे डॉक्टर एक साधा ठोकताळा वापरतात. तक्रार मानेच्या वर असेल, म्हणजे नाक वाहतंय, शिंका येतायत, घसा खवखवतोय, तर दहा-पंधरा मिनिटं हलक्या गिअरवर चालवून बघायची. बरं वाटलं तर पुढे जायचं, पण शर्यत म्हणून नाही, टप्पा पुरा करण्यापुरतं. तक्रार मानेखाली उतरली असेल, छातीतून खोकला येतोय, अंग मोडून आलंय, उलट्या-जुलाब आहेत, तर उतरायचं. ठोकताळाच आहे हा, शास्त्राचा नियम नव्हे. पण पहाटे तंबूत थंडीत कुडकुडत बसलेल्या मुलीला यापेक्षा अवघड काही झेपत नाही.

तापाला मी इतकी का घाबरते, ते सांगते. ताप अंशाअंशाने चढतो तशी नाडी वाढते, म्हणजे तू अंथरुणावर पडलेली असतानाही हृदय चढावर असल्यासारखं काम करत असतं. त्यावर खराखुरा चढ घातलास की त्याला उसंत उरत नाही. शिवाय काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाच सूज आणतात, आणि ती सूज बाहेरून दिसत नाही. स्वीडनमध्ये नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातून धावायचा ओरिएंटिअरिंग हा खेळ फार लोकप्रिय आहे. तिथे १९७९ ते १९९२ या काळात त्या खेळातले सोळा तरुण अचानक गेले. सगळे धडधाकट, उत्तम तयारीचे. तपासणीत त्यांच्यापैकी अनेकांच्या हृदयाच्या स्नायूंत सूज सापडली. शेवटी १९९२ च्या अखेरीला तिथल्या संघटनेने काही महिने सराव आणि स्पर्धाच थांबवल्या, आणि आजारी असताना सराव करायचा नाही हे खेळाडूंच्या मनावर बिंबवलं. त्यानंतर ती मालिका थांबली. नेमकं कारण कुठला जंतू, यावर डॉक्टर अजून वाद घालतात. विश्रांतीबद्दल कुणी वाद घालत नाही.

आता तू पाठवलेल्या फोटोबद्दल. तुंगारेश्वरच्या रस्त्यावर काढलेला, ओढा पार करून आल्यावरचा. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, दात तेवढे पांढरे. घरातल्या सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं, पण माझी नजर गेली ती तुझ्या पाण्याच्या बाटलीकडे. तिच्या तोंडावर चिखल थापलेला होता आणि ते तोंड तू दातांनी उघडतेस. २००८ साली वेल्समधल्या बिल्थ वेल्स गावी पावसात माउंटन बाइकची मोठी शर्यत झाली. नंतर चौकशीला उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना जुलाब झाले होते. रस्ता मेंढ्यांच्या कुरणांतून जात होता. लेंड्यांचा चिखल चाकांनी उडवला आणि तो बाटल्यांवाटे, हातांवाटे पोटात गेला. हिमाचलातही तू गायी-मेंढ्यांच्या वाटांवरूनच जाणार आहेस. बाटलीच्या तोंडाला झाकण घे, आणि खायच्या आधी हात धुवायला एक छोटी बाटली वेगळी ठेव. तुझ्या मैत्रिणी हसतील. हसू देत.

याहून मोठी काळजी आपल्या वसईचीच आहे. तू जाशील सप्टेंबरच्या शेवटी, म्हणजे तुझा शेवटचा, सगळ्यात कसून सराव आपल्या पावसाळ्यात होणार. आपल्याकडे पाणी कसं तुंबतं ते तुला सांगायला नको. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी चढून नालासोपाऱ्याला गाड्या अडकल्या, माणसांना बोटींतून बाहेर काढावं लागलं, तेव्हा तू शाळेत होतीस. अशा पाण्यात उंदरांचं मूत्र असतं, आणि पायावर साधा ओरखडा असला तरी त्यातून लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचे, जंतू शिरतात. सायकलवाल्यांच्या नडग्यांवर पेडलचे ओरखडे कायमचेच. पाण्यात पाय घातल्यापासून ताप यायला साधारण पाच ते चौदा दिवस लागतात, कधी आणखी जास्त. हिशेब करून बघ. इथे गोखिवऱ्याला किंवा नायगावला गुडघाभर पाण्यातून सायकल ढकलत नेलीस, सामान बांधलंस, गाडीत बसलीस, आणि ताप आला तिकडे, शर्यतीच्या तिसऱ्या दिवशी.

लेप्टोचं आणखी एक लबाड लक्षण आहे: पोटऱ्या दुखतात. दोन दिवस चढ चढलेल्या मुलीच्या पोटऱ्या दुखल्या तर कोण मनावर घेणार? तू घे. ताप, दुखणाऱ्या पोटऱ्या आणि लाल डोळे ही तिन्ही एकत्र दिसली, तर तिथल्या डॉक्टरला आपण होऊन सांग की मी वसईहून आलेय आणि दोन आठवड्यांपूर्वी तुंबलेल्या पाण्यात उतरले होते. डोंगरातल्या डॉक्टरच्या मनात हा आजार पहिल्यांदा येणार नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर लेप्टो साध्या औषधाने बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि यकृत धरतो. २००० साली बोर्निओत इको-चॅलेंज नावाची अनेक दिवसांची साहसी शर्यत झाली होती. त्यातले खेळाडू आपापल्या देशी परतल्यावर एकेक तापाने पडू लागले. चौकशीत सापडलेल्या १८९ जणांपैकी ८० जण आजारी होते, कारण लेप्टो, आणि संशय तिथल्या नदीच्या पाण्यावर. जगभर विखुरलेल्या डॉक्टरांना ते कळलं, कारण खेळाडूंनी कुठून आलो ते सांगितलं. पाण्यात उतरावंच लागलं तर आधी घेण्याची गोळीही असते, पण ती डॉक्टरला विचारून. माझं वाचून औषधाच्या दुकानात जाऊ नकोस.

डेंग्यूही त्याच दिवसांतला. त्याची खोड उलटी. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो, माणसाला वाटतं सुटलो, आणि खरा धोका तेव्हाच सुरू होतो. शर्यतीत असलेल्या मुलीसाठी यासारखा सापळा नाही. ताप उतरला म्हणून पाचव्या दिवशी परत सायकलवर बसलीस आणि पोटात दुखायला लागलं, हिरड्यांतून रक्त आलं किंवा सारखी उलटी झाली, तर थेट इस्पितळ गाठायचं. हे सगळं वाचून तू घाबरशील, हे मला कळतं. इतकी वर्षं दवाखान्यात पावसाळे काढले की माणूस असंच बोलायला लागतो.

आणि एक कडक सूचना. सायकलवाल्यांच्या पाठपिशवीत कॉम्बिफ्लॅमची पट्टी असते, हे मी पाहिलंय. सकाळी एक, दुपारी एक, गुडघ्यासाठी म्हणून. तापात ती मुळीच घ्यायची नाही. ताप कशाचा ते माहीत नसताना, आणि डेंग्यूच्या मोसमात, तिच्यातलं आयबुप्रोफेन रक्तस्राव वाढवू शकतं. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ते मूत्रपिंडांवरही ताण आणतं, आणि आठ तास चढ चढणाऱ्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालेलंच असतं. तापाला पॅरासिटामॉल, तेवढीच. पण पॅरासिटामॉल घेऊन ताप उतरवायचा आणि सुरुवातीच्या रेघेवर जाऊन उभं राहायचं, हे तर सगळ्यात वाईट. थर्मामीटर शहाण्यासारखा ९८ दाखवतो आणि आतला आजार तसाच असतो.

उंचीबद्दल थोडंच लिहिते, कारण त्याची माहिती तू काढली आहेसच. आपण समुद्रकाठची माणसं. शिमला २२०० मीटरच्या आसपास, जालोरी खिंड ३१०० च्या वर. तिथे डोकं ठणकणं, मळमळणं, झोप न लागणं हे विरळ हवेनेही होतं आणि तापानेही. फरक कळला नाही तरी चालेल, दोन्हीला पहिला उपाय एकच: खाली उतरायचं. शर्यतीच्या दोन-तीन दिवस आधी पोचायचं, एवढं मात्र बाबांशी भांडून पक्कं करून घे. तिकिटात वाचवलेले पैसे तिथे महाग पडतात.

पोट बिघडलं तर एक पुडी ओआरएस एक लिटर पाण्यात, अर्धी पुडी अर्ध्यात असं अंदाजपंचे नाही. लघवीचा रंग गडद झाला किंवा आठ तास लघवीच झाली नाही, तर त्या दिवशी सायकल नाही. उलट घाबरून नुसतं पाणी ढोसत राहिलीस तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही घातक. भाताची मऊ पेज मीठ घालून, हे आपलं जुनं खाणं तिथेही कुठल्याही ढाब्यावर मागून मिळतं.

आता लोक काय म्हणतील, ते.

आपल्याकडे आजारी असताना काम करण्याचं फार कौतुक. सकाळची विरार लोकल बघ. अंगात ताप घेऊन दारात लटकलेली माणसं संध्याकाळी घरी येऊन सांगतात, एक दिवस खाडा नाही केला. त्यांची गरज मी समजू शकते, पगार कापला जातो. तुझा कुणी पगार कापणार नाही. तरीही शर्यत संपल्यावर छापून येतं ते "१०२ ताप असतानाही जिद्दीने" असंच. ज्याने १०२ ताप आल्यावर शहाणपणाने सायकल गाडीत टाकली, त्याच्यावर कुणी रकाना लिहीत नाही. या जिद्दीचा मला मनापासून राग आहे, आणि तो मी या वयात लपवणार नाही.

तू ज्यांचे फोटो भिंतीवर लावलेस त्यांच्याकडेच बघ. अमेरिका एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सायकलने ओलांडायची, सुमारे ४८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. ती 'रेस अक्रॉस अमेरिका' नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांचा संघ म्हणून पुरी केली: एक चालवतोय तेव्हा दुसरा विश्रांती घेतोय. एकट्याने ती पुरी करणारे पहिले भारतीय म्हणजे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ, तेही तेव्हा नाशिकलाच. २०१७ साली, ११ दिवस १८ तास आणि काही मिनिटांत; त्यांच्या मागोमाग काही तासांनी नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ. पण गोकुळनाथ २०१६ सालीही गेले होते आणि ती शर्यत त्यांना अर्ध्यावर सोडावी लागली होती. सायकलवाल्यांच्या भाषेत डीएनएफ. ती तीन अक्षरं नावापुढे लागलेला माणूस पुढच्या वर्षी परत गेला आणि पहिला ठरला. हे सगळे डॉक्टर आहेत, ही गोष्ट मला उगीच सुखावते, पण तो माझा पक्षपात समज.

परदेशातलं अगदी अलीकडचं. बेल्जियमचा रेम्को एव्हेनपूल २०२३ च्या जिरो दी इटालियात सगळ्यांच्या पुढे होता. नववा टप्पा त्याने जिंकला, गुलाबी जर्सी अंगावर आली, आणि त्याच रात्री कोविडची तपासणी पॉझिटिव्ह निघाली म्हणून तो घरी गेला. जर्सी घातलेला माणूस घरी गेला, लक्षात घे. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदकं घेतली.

आणि दुसऱ्या टोकाला टॉम सिम्प्सन. १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये आल्प्समध्येच त्याचं पोट बिघडलं होतं. जुलाब होत होते, अन्न टिकत नव्हतं. पण पुढच्या वर्षीचे करार त्या शर्यतीतल्या क्रमांकावर अवलंबून होते. १३ जुलैला मों व्हाँतूच्या उघड्या, तापलेल्या चढावर तो पडला, परत बसला, परत पडला, आणि तिथेच गेला. शरीरात उत्तेजक आणि मद्य सापडलं, म्हणून त्याची गोष्ट बहुतेक वेळा उत्तेजकांची म्हणून सांगितली जाते. मी ती नेहमी जुलाबांपासून सुरू करते. निकामी पोट, कोरडं पडलेलं शरीर, ऊन, आणि "थांब" हा शब्द ऐकू न येऊ देणारं औषध, ही सगळी एका दिवशी एकत्र आली.

यातून माझं म्हणणं एवढंच, की थांबायचं की नाही हे सायकलवर बसून ठरवायचं नाही. तापलेल्या, झोप न झालेल्या डोक्याला नेहमी "अजून एक वळण" एवढंच सुचतं. निर्णय घरी करून ठेवायचा. एका कागदावर लिही: ताप १००.४, उलटी दोनदा, छातीत दुखणं, चक्कर, खाकरताना रक्त, सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी रोजच्यापेक्षा फार वाढलेली. यातलं एक जरी झालं तरी उतरायचं. त्यासाठी आत्तापासून महिनाभर रोज सकाळी उठायच्या आधी नाडी मोज म्हणजे तुझी रोजची कळेल. त्या कागदाच्या तीन प्रती कर. एक माझ्याकडे, एक बाबांकडे, आणि तिसरी जिच्याबरोबर तू राहणार आहेस तिच्याकडे. ती म्हणाली "उतर", की वाद नाही. नवी मुंबईचे कबीर राचुरे २०१९ साली 'रेस अक्रॉस अमेरिका'त एकटे उतरले तेव्हा त्यांच्या ताफ्याची प्रमुख त्यांची बहीण सपना होती. मोठ्या शर्यतींत खाणं, झोप, थांबणं हे सारं सायकलस्वाराच्या हातून काढून ताफ्याच्या हाती दिलेलं असतं, ते यासाठीच. तुला ताफा नाही, मैत्रीण आहे. तिलाच अधिकार दे, आणि तिनेही असाच कागद लिहिला तर तो तू जवळ ठेव.

दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिक या आठ दिवसांच्या सायकल शर्यतीत तर जोडीनेच उतरावं लागतं, आणि दोघांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलेलं चालत नाही. एक आजारी पडला की दुसऱ्याची शर्यतही तिथेच बिघडते. तरी दर वर्षी माणसं जोडीदाराच्या तापासाठी थांबतात.

एक बाईमाणसाचं. जायच्या दोन महिने आधी रक्त तपासून घे, नुसतं हिमोग्लोबिन नाही, फेरिटिनही, म्हणजे लोहाचा साठा. आपल्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय होता, हा २०१९-२१ च्या सरकारी पाहणीचा आकडा आहे. तुला "दम लागतोय, आजारी वाटतंय" असं सरावात जे अधूनमधून होतं, ते कदाचित लोहाचंच असेल. आणि पाळी त्या आठवड्यात येणार असेल तर गोळ्यांनी पुढे ढकलायचा विचार आयत्या वेळी करू नकोस, आधी मला विचार.

सुकेळी पाठवते आहे. आता राजेळी केळी कमी झाली, उन्हात वाळवत बसायला माणसं नाहीत, म्हणून भाव ऐकून मी दुकानदाराकडे दोनदा पाहिलं. पण खिशात मावतात, पोटाला जड होत नाहीत आणि त्या रंगीत पाकिटांतल्या जेलपेक्षा चवीला शंभर पटीने बरी. शर्यतीत पहिल्यांदा खायचं नाही, सरावात खाऊन बघ.

तुझी,
आत्या

ता. क. सर्दीच्या गोळ्यांबद्दल राहिलंच. काहींत स्यूडोएफेड्रिन असतं, आणि स्पर्धेच्या वेळी ते ठरावीक प्रमाणाबाहेर सापडलं तर उत्तेजक धरतात. ब्रिटनचा स्कीपटू अॅलन बॅक्सटर २००२ साली ऑलिंपिकचं कांस्यपदक गमावून बसला, अमेरिकेतल्या दुकानातून घेतलेला नाकात ओढायचा व्हिक्स त्याला नडला. त्याच नावाचा तिकडचा माल घरच्यापेक्षा वेगळा निघाला. औषधाच्या पिशवीत काय काय भरलंयस त्या सगळ्या पाकिटांचे मागच्या बाजूचे फोटो काढून मला रविवारपर्यंत पाठव.